‘आजीची आठवण येते का?’

“फोन लावला की नात पळून जाते. रक्ताचं नातं आहे, पण ओळखच नाही हो आमची!” सांगलीच्या काकू एवढं बोलल्या आणि त्यांना रडू आवरेना. मुलं परदेशी असलेल्या कितीतरी आजी-आजोबांच्या मनात हीच भीती असते, म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

काकू निवृत्त शिक्षिका. मुलगा-सून न्यू जर्सीत, नात सहा वर्षांची. दर शनिवारी सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल व्हायचा. “हाय आजी” म्हणून नात फोन सोफ्यावर टाकून जायची आणि काकूंना तिकडचं छत दिसत राहायचं. मग सुनेला बोल लागायचे, “तिला मराठीत बोलायची सवयच लावली नाहीस तू.” सूनही हळूहळू फोन टाळायला लागली होती.

मी आधी वेळेचा हिशेब मांडला. ऑक्टोबरात आपल्या सकाळच्या साडेसातला तिथे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. पेंगुळलेल्या पोरीकडून आपण गप्पांची अपेक्षा करत होतो! काकू गप्पच झाल्या. मग मी त्यांना मागच्या कॉलमध्ये काय काय बोललात ते आठवून कागदावर लिहायला सांगितलं. जेवलीस का? काय जेवलीस? शाळेत काय शिकवलं? शुभंकरोति म्हणून दाखव. आजीची आठवण येते का? कागद भरला आणि त्यात एकही वाक्य असं नव्हतं, ज्याला नातीला उत्तर द्यावं लागणार नाही. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. दोन वर्षांपूर्वी भेटलेल्या माणसाची आठवण सहा वर्षांच्या मुलीला येत नसेल, तर तिने काय म्हणावं? खरं बोललं तर आजी दुखावणार, हे तिला कळतं.

“15 दिवस एकही प्रश्न विचारायचा नाही,” मी म्हटलं. “घरात जे करत असाल ते करत राहा, तिला फक्त दिसू दे.” वेळ ठरवली आपल्याकडचे संध्याकाळचे पाच, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात, शाळेआधीचा नाश्ता. रोज दहाच मिनिटं. सुनेला काकूंनी स्वतः फोन केला, “माझं चुकलं गं. तू फक्त फोन टेबलावर उभा करून ठेव.” मला विचाराल तर खरं काम या फोनने झालं. आई-वडिलांच्या मनात अढी असेल तर नातवंडं जवळ येत नाहीत.

पहिल्या दिवशी काकूंनी भिजलेली मटकी ओल्या फडक्यात बांधली, गाठ मारली आणि म्हणाल्या, “उद्या उघडू.” दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तेव्हा नात दूध तसंच ठेवून फोनला नाक लावून बसली होती. “आजी, इट हॅज अ टेल!” काकूंच्या तोंडावर आलं होतं, ‘मराठीत बोल.’ ते गिळून त्या म्हणाल्या, “हो गं, मोड आला! केवढा लांब!” आठवड्याभरात सुनेनेही तिकडे मटकी भिजत घातली. थंडीत मोड येईनात, म्हणून पुरचुंडी ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवली. दोन घरांत कुणाचे मोड लांब यावर नात रोज वाद घालायची, आणि त्या वादात ‘मोड’ हा शब्द तिने आपसूक उचलला.

पडद्याची धास्ती असलेल्या पालकांना मी सांगते, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना पडदा नको म्हणताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे गेली, तेव्हा काकूंनी न सांगता आपला कॉल सहावर नेला. शुभंकरोति नातीला अजून येत नाही. काकूंनी त्याचा विषयही काढलेला नाही.

जूनअखेर सगळे भारतात येणार आहेत. “विमानतळावर मी काय करू?” त्यांनी परवा विचारलं. मी म्हटलं, लगेच कवेत घेऊ नका, पापा मागू नका. पडद्यावरची आजी प्रत्यक्षात मुलांना थोडी परकी वाटते. दोन दिवस जाऊ द्या. काकूंनी मान डोलावली. “मग मी घरी आदल्या रात्रीच मटकी बांधून ठेवते. गाठ तिलाच सोडू दे.”