अलिबागहून जिवंत आणलेल्या चिंबोऱ्यांना पुण्यात केल्यावर तिथली चव का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की चिंबोऱ्या अलिबागहून जिवंत आणता, रात्रभर बादलीत पाण्यात ठेवता, सकाळी त्यातल्या काही मेलेल्या निघतात आणि रस्सा झणझणीत होऊनही त्याला खेकड्याची चव नसते. मसाले बदलत बसू नका. घोळ त्या बादलीत आहे, आणि थोडा नळाखाली.

चिंबोरी कल्ल्यांनी श्वास घेते. कल्ले ओलसर असले की हवेतही तिचं भागतं, म्हणून खाडीतली काळी चिंबोरी ओल्या गोणपाटात दोन दिवससुद्धा तग धरते. बादलीतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू मात्र लवकर संपतो आणि ती चक्क गुदमरते. त्यात नळाचं पाणी गोडं; पाठीवर तीन ठिपके असलेले समुद्री खेकडे त्यात फार वेळ जगतच नाहीत. तेव्हा गाडीत पाटी घ्या, वर भिजवून पिळलेलं गोणपाट टाका, ऊन लागू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून तर अजिबात आणू नका. घरी आल्यावर तशाच मोरीत ठेवा. नांग्यांची सुतळी सोडायची नाही. आपापसांत भांडून पाय तोडतात, आणि तुमचं बोट सापडलं तर तेही.

रात्रीत एखादी मेलीच तर सरळ टाकून द्या, कितीही महाग पडलेली असो. मेल्यावर तिच्या पोटातली पाचक द्रव्यं तिचंच मांस विरघळवायला लागतात, जंतूही झपाट्याने वाढतात. मांस पिठूळ होतं, अमोनियाचा उग्र वास येतो. मसाल्याने तो झाकला जातो, पण जायचा तो जात नाही.

करायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. गारठून पाय हलायचे थांबले की बाहेर काढा. जिवंत चिंबोरी उकळत्या पाण्यात टाकली तर ती पाय झटकून टाकते आणि त्या भोकांतून आतला रस पाण्यात जातो. शिवाय तिचे हाल होतात ते वेगळेच. गारठलेली चिंबोरी ब्रशने चिखल जाईस्तोवर घासा. सगळं धुणं आत्ताच. मग उताणी करून पोटावरची पट्टी उचला (निमुळती असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी) आणि तिच्याखाली मधोमध सुरी खुपसा. पाठीचं कवच मागून वर ओढलं की सुटतं. दोन्ही बाजूंचे राखाडी पिसांसारखे कल्ले आणि डोळ्यांमागची पिशवी काढा. पिवळट गर आणि मादीतली केशरी लाख (अंड्यांचा गर) मात्र तशीच राहू द्या, आणि यानंतर नळ उघडू नका. पुण्यात चिंबोऱ्या साफ करताना पांढरीशुभ्र होईपर्यंत धुतात, तिथेच निम्मी चव मोरीत वाहून जाते.

आता खरी गंमत. नांग्या आणि अंग बाजूला ठेवा आणि बारके पाय खलबत्त्यात ठेचा किंवा कपभर पाण्यात मिक्सरला फिरवा. बारीक गाळणीतून दोनदा गाळा, नाहीतर दाताखाली कच येते. हे मळकट पाणी बघून टाकून द्यावंसं वाटेल, पण रश्श्याचा जीव त्यातच असतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, लसूण, धणे, थोडी मिरी घालून वाटण करा. ते तेलात परतलं की तुकडे घाला, नांग्यांना आधी बत्त्याचा एकेक ठोका देऊन. मग ते गाळलेलं पाणी हळूहळू ओता. उकळी आली की त्यात बारीक कण गोळा होताना दिसतील. रस्सा फाटला म्हणून घाबरू नका, ती पायांतली प्रथिनं आहेत. रस्सा त्यांनीच दाट होतो.

कवच केशरी झालं म्हणजे शिजलं असं नाही. तो रंग आधीपासून प्रथिनाला चिकटलेला असतो, आच लागताच मोकळा होतो. झाकण ठेवून 12 ते 15 मिनिटं द्या, चिंबोरी मोठी असेल तर थोडी जास्त. त्याहून फार शिजवली की मांस कवचाला धरून बसतं. शेवटी तीन-चार आमसुलं. टोमॅटो नको, गरम मसाल्याचा मारा तर नकोच.

कधी अलिबागला जाणं झालं नाही तर गणेश पेठेत किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटला जिवंत मिळतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा दर्याचा माल कमी आणि खाडीचा जास्त. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ असं कोकणात म्हणतात. मी तिथीपेक्षा हातावर विश्वास ठेवते: आकाराच्या मानाने जड लागली आणि पोटाच्या कडेला दाबून दबली नाही तर घ्यायची. नुकती कात टाकलेली असेल तर आत नुसतं पाणी.

पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या वाटेवर विकायला असतात ते काळे खेकडे असेच करावेत का, हेही तुम्ही विचारलंत. पायांचा रस काढायची पद्धत तीच, उलट त्यांना मांस कमी असल्याने रश्श्यावरच सगळी मदार. पण ते गोड्या पाण्यातले. अशा खेकड्यांत फुफ्फुसात जाणाऱ्या कृमीची पिल्लं असू शकतात, म्हणून अर्धवट भाजून खायचे नाहीत. ठेचलेल्या पायांचं पाणीही खळखळून उकळायलाच हवं, आणि ज्या खलबत्त्यात ते ठेचले तो दुसऱ्या कशाला घेण्याआधी साबणाने घासा.