सेव्हन सिस्टर्सच्या वाटेवर पहिल्यांदा जाताना

तुम्ही सह्याद्रीत भरपूर चालला असाल, तरी इंग्लंडमधील ससेक्सच्या समुद्रकाठी असलेल्या सेव्हन सिस्टर्स या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, टेकड्यांना आपल्या काळ्या कातळाच्या हिशेबाने जोखू नका. सीफर्ड ते ईस्टबोर्न ही सुमारे 21 किलोमीटरची चाल पहिल्याच खेपेस पुरी करण्याचा अट्टहास न धरता, वाटेवरच्या एक्सीट या वस्तीपाशी बसने उतरून फ्रिस्टनच्या रानातून वेस्टडीन गावापर्यंत जावे, बीच जातीच्या वृक्षांच्या सावलीत पाय मोकळे करावेत आणि मग ककमिअर नदीच्या काठाने समुद्राकडे वळावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पावसानंतर उघडा पडलेला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि त्याचा पांढरा लगदा बुटांच्या खाचांत बसला की उतारावर पकडच राहत नाही. म्हणून खोल खाचांचे बूट घालावेत व शक्य तेथे गवतावर पाय टाकावा.

या टेकड्यांच्या समुद्राकडील कड्याबाबत मात्र मुळीच तडजोड करू नका. वरून भक्कम दिसणारी हिरवळ पुष्कळदा खालून पोखरलेली असते आणि कडा पूर्वसूचनेशिवाय ढासळतो, त्यामुळे छायाचित्रासाठीही काठाशी जाऊ नये, पायथ्याशी बसू नये. किनाऱ्यावर उतरायचे असल्यास भरतीची वेळ आधी पाहून घ्यावी. सिस्टर्सच्या माथ्यांवर सावली नाही. पाणी भरपूर घ्या.