ओवीतलं कॅरल आणि डबाभर करंज्या

प्रिय चिमणे,

तुझ्या घंटावादकांच्या गिल्डच्या (मंडळाच्या) कॅरल-सेवेत, म्हणजे नाताळगीतांच्या प्रार्थनेत, यंदा प्रत्येक घराने आपल्या भाषेतलं एक गाणं म्हणायचं आणि नंतरच्या रात्रीच्या जेवणाला एक पदार्थ न्यायचा. ‘मराठीत कॅरल असतं का? आणि डब्यात काय द्यायचं?’ असं तू विचारलंस.

असतं तर! नाताळची गोष्ट मराठी ओवीत बसवणारा गृहस्थ चक्क तुमच्या इंग्लंडचाच. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पुढे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली. म्हणजे इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबायची गरज नाही.

ओवी कशी असते ते बघ. ही तुझ्यासाठी जुळवली आहे:

गव्हाणीत बाळ निजले,
माउलीचे डोळे भिजले,
मेंढपाळ दारी थिजले
मध्यरात्री.

पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरं मोजलीस तर नऊ, नऊ, नऊ, चार. तो आखूड चरणच ओवीचा जीव. कॅरलच्या चालीत बसवायला गेलीस तर ‘त्री’ ताणत बसावं लागेल आणि सगळं रडगाणं होईल. जात्यावरच्या सैल चालीत म्हण: तीन चरण सरळ, चौथ्याला सूर खाली आणून थांब. एकेक चरण आधी तू म्हणायचा, तोच बाकीच्यांनी मागून म्हणायचा, म्हणजे कागद वाटायला नकोत. सुरुवातीला सगळ्यात उंच सूर गाऊन बघ. तिथे घसा ताणला तर पट्टी उतरव. टाळ नाहीत म्हणून हँडबेल (हातातली घंटा) घेशील, पण तिचा नाद लांबतो. दर मात्रेला वाजवलीस तर शब्द बुडतील. ओवी संपली की एकच ठोका.

इंग्रजी कॅरलच्या शेवटच्या कडव्यात कॉयर (गायकवृंद) वरच्या सुरात वेगळीच चाल घेतं, तेव्हा तू मूळ चाल सोडू नकोस.

डब्यात करंज्या. आपल्याकडे दिवाळीला होतात तशा मराठी ख्रिस्ती घरांत नाताळलाही होतात. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, चिमूटभर मीठ, पाव वाटी कडकडीत तुपाचं मोहन. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे. दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेव, मग चांगलं कुटून घे. सारणाला दीड वाटी भाजलेलं सुकं खोबरं, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन चमचे खसखस, वेलची. खोबरं गार झाल्याशिवाय साखर घालू नकोस, नाहीतर ती विरघळून सारण ओलं होतं आणि करंजी तुपात फुटते. सारण एक चमचाच. कडेला दुधाचं बोट फिरवून घट्ट दाब. लाट्या ओल्या फडक्याखाली ठेव. वाळलेली कड चिकटत नाही. तळणी मंद आचेवर. तूप फार तापलं की वरून लाल, आतून कच्ची. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, वाफ कोंडली की मऊ पडतात. कुणाला एखादा पदार्थ चालत नसेल तर कळावं म्हणून झाकणावर चिठ्ठी लाव: गहू, दूध, खोबरं, खसखस. काजू घातलेस तर तेही मोठ्या अक्षरात.

तुझी,
आई