कॅलिफोर्नियातला घटस्फोट आणि पुण्यातलं दुसरं लग्न: हुकूमनाम्याची प्रत कशी मिळवायची?

प्रश्न: माझं लग्न 2010 मध्ये पुण्यात हिंदू पद्धतीने झालं. त्यानंतर आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत होतो. 2016 मध्ये मी एकटी पुण्याला परत आले. नवरा सनीव्हेलला राहायला गेला आणि त्याने तिथे घटस्फोटाचा अर्ज केला. त्याच्या वकिलाने पाठवलेल्या करारावर मी इथे नोटरीसमोर सही केली, कोर्टात कधी गेले नाही. 2017 मध्ये घटस्फोट झाल्याची ईमेल आली, सोबत पहिल्या पानाचा फोटो होता. आता मला पुन्हा लग्न करायचं आहे. विवाह नोंदणी कार्यालयात कोर्टाची प्रमाणित प्रत मागितली आहे. माजी नवरा उत्तर देत नाही. केस नंबर माहीत नाही. ही प्रत कुठून आणि कशी मिळेल? आणि ती भारतात चालेल का?

उत्तर: ताई, प्रत मिळेल आणि त्यासाठी माजी नवऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही. पण नुसती हुकूमनाम्याची प्रत मागवून थांबू नका. तुम्ही इथे नोटरीसमोर ज्या करारावर सही केलीत, तो करार त्याच फाइलमधून निघायला हवा. भारतात तुमचा घटस्फोट टिकेल तो त्या सहीच्या आधारावर. कारण पुढे सांगते, आधी फाइल शोधू.

अमेरिकेत घटस्फोट राज्याच्या कायद्याने होतो आणि कॅलिफोर्नियात त्याचं रेकॉर्ड काउंटीच्या सुपीरियर कोर्टात राहतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. राज्यात 58 काउंट्या आहेत, प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट वेगळं, आणि सगळ्यांमध्ये एकदम शोध घेता येईल अशी सोय नाही. अनेकजण आधी राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याला लिहितात. त्या खात्याकडे घटस्फोटाच्या नोंदी फक्त 1962 ते जून 1984 या काळातल्या आहेत, आणि त्यावरूनही ते हुकूमनामा देत नाहीत, नोंद असल्याचा दाखला देतात. तिथे वेळ घालवू नका. पैसे घेऊन रेकॉर्ड शोधून देणाऱ्या खासगी वेबसाइट्सपासूनही लांब राहा. त्यांच्या छापील कागदाला ना तिथे किंमत आहे, ना इथे.

तुमची काउंटी कोणती, हे तुमच्याच हकिगतीतून निघतं. कॅलिफोर्नियात घटस्फोट मागणारा अर्ज करण्यापूर्वी किमान 6 महिने राज्यात आणि 3 महिने त्या काउंटीत राहिलेला असावा लागतो. फ्रीमाँट अलामेडा काउंटीत येतं, सनीव्हेल सँटा क्लारा काउंटीत. अर्ज नवऱ्याने केला आणि तो सनीव्हेलला गेल्यावर केला, तर फाइल सँटा क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे सॅन होजेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिथे काही सापडलं नाही तर अलामेडा. तुमच्या फोनमधला पहिल्या पानाचा फोटो मोठा करून नीट बघा. कॅलिफोर्नियाच्या फॉर्मवर वरच्या भागात काउंटीचं नाव छापलेलं असतं आणि उजव्या चौकटीत केस नंबर. बरेचदा उत्तर तिथेच सापडतं.

फोटो अस्पष्ट असेल तर कोर्टाच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा. इथे आपल्या नावांची अडचण होते. तिथल्या फाइलमध्ये तुमचं नाव लग्नानंतरच्या आडनावाने असेल, माहेरच्या असेल, किंवा पासपोर्टवर मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव आलं असेल तर ते तसंच उतरलेलं असेल. इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने इकडचं तिकडे झालं तरी शोध रिकामा येतो. म्हणून आधी माजी नवऱ्याच्या नावाने शोधा. अर्जदार तो आहे, आणि त्याने स्वतःचं नाव तरी बरोबर लिहिलं असणार.

वेबसाइटवर तुम्हाला केस नंबर आणि कोणत्या तारखेला काय दाखल झालं याची यादी दिसू शकेल, पण कागद उघडणार नाहीत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांनी कौटुंबिक प्रकरणांतले कागद सर्वसामान्य लोकांना घरबसल्या पाहण्यावर बंधन आहे. ते कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावर पाहता येतात किंवा क्लार्ककडून प्रत घेता येते. घटस्फोटाची फाइल मात्र बहुतांशी सार्वजनिकच असते. मुलांच्या ताब्याविषयीचे मूल्यमापन अहवाल, आयकर विवरणपत्रं असे काही कागद तेवढे गोपनीय ठेवतात. म्हणजे तिथे राहणारी तुमची एखादी मैत्रीण किंवा चुलत भाऊ खिडकीवर जाऊन तुमच्यासाठी प्रत मागू शकतो. त्याला मुखत्यारपत्र लागत नाही.

कुणी जाणारं नसेल तर पत्राने मागणी करा. पत्रात दोघांची पूर्ण नावं, केस नंबर, कोणते कागद हवेत आणि किती प्रती, हे स्पष्ट लिहा. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आणि डॉलरमधला चेक द्या. आपल्या बँकेचा चेक तिथे चालणार नाही, म्हणून पैसे आणि परतीचा पत्ता यासाठी तरी तिथलं माणूस लागेलच. पानं किती निघतील हे आधी कळत नसल्याने रकमेची जागा कोरी ठेवून 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही' असं चेकवर लिहायची पद्धत तिथे आहे. राज्याच्या फी-तक्त्यात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत प्रमाणित करायला 15 डॉलर, इतर कागद प्रमाणित करायला 40 डॉलर आणि प्रतीचे पानामागे 50 सेंट लागतात. नंबर दिला नाही आणि शोधायला 10 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला, तर शोधाचे आणखी 15 डॉलर. पैसे पाठवण्यापूर्वी त्या कोर्टाच्या वेबसाइटवर चालू दर पाहून घ्या.

आता कोणते कागद मागवायचे ते. तुम्ही कोर्टात लेखी उत्तर दाखल केलं नाहीत, फक्त करारावर नोटरीसमोर सही केलीत. कॅलिफोर्नियात ही सर्रास चालणारी पद्धत आहे. समोरच्याने उत्तर दिलेलं नसलं तरी दोघांचा करार असतो, आणि अशा वेळी उत्तर न देणाऱ्याची सही नोटरीसमोर झालेली लागते. पण या पद्धतीत एफएल-180 या हुकूमनाम्याच्या फॉर्मवर खूण होते ती 'डिफॉल्ट ऑर अनकंटेस्टेड', म्हणजे समोरच्याने उत्तर दिलं नाही किंवा विरोध केला नाही, या रकान्यावर. पुण्यातला अधिकारी, किंवा उद्या कुणी वाद काढला तर त्याचा वकील, तेवढंच पान बघून म्हणेल की हा घटस्फोट एकतर्फी झाला.

भारतात एकतर्फी परदेशी घटस्फोटाची जागा फार कच्ची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये परदेशी निकाल कधी बंधनकारक ठरत नाही ते सांगितलं आहे. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालात लावला. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडायचं, तर त्या कोर्टाला अधिकार आणि घटस्फोटाचं कारण, दोन्ही आपल्या कायद्यात बसायला हवं. कॅलिफोर्नियात घटस्फोट मिळतो तो 'न मिटणारे मतभेद' या कारणावर. हिंदू विवाह कायद्यात असं कारणच नाही. मात्र त्याच निकालाने अपवाद सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे समोरच्या पक्षाने घटस्फोट द्यायला संमती दिलेली असणं. तुमची नोटरीसमोरची सही म्हणजे हीच संमती. म्हणून तो करार इतका मोलाचा आहे.

तेव्हा पत्रात असं मागा: एफएल-180 हुकूमनामा सर्व जोडपत्रांसह. करार बहुधा त्याला जोडलेला असतो, आणि तसा असेल तर तो त्याच प्रमाणित प्रतीत येईल. करार वेगळा दाखल झाला असेल तर त्याची वेगळी प्रमाणित प्रत. सोबत एफएल-190, म्हणजे निकाल नोंदवल्याची सूचना. आणि समन्स तुमच्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा, तो एफएल-115 किंवा तुम्ही पोच म्हणून सही केलेला एफएल-117 असेल. एफएल-130 नावाचा कागदही फाइलमध्ये असू शकतो. त्यात दोन्ही पक्षांची हजेरी आणि संमती नोंदवतात. यादीत तो दिसला तर अवश्य घ्या. फाइलमध्ये दोन हुकूमनामे दिसले तर दोन्ही मागवा. तिथे कधी कधी आधी फक्त वैवाहिक नातं संपवतात आणि मालमत्तेचा निकाल नंतर देतात.

प्रत हाती आल्यावर त्यातली नातं संपल्याची तारीख पाहा. निकालावर सही झाल्याची तारीख आणि ही तारीख वेगळी असू शकते, कारण समन्स पोहोचल्यापासून किंवा समोरचा पक्ष हजर झाल्यापासून 6 महिने उलटल्याशिवाय तिथे नातं संपत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे अर्ज भरताना तुम्ही घटस्फोटित कधीपासून, तर नातं संपल्याच्या तारखेपासून.

पुढची पायरी अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सरकारी सही खरी असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियाचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय प्रमाणित प्रतीवरच्या अधिकाऱ्याच्या सहीला ते जोडतं. टपालाने सॅक्रामेंटोला पाठवा, फी कागदामागे 20 डॉलर, आणि सोबतच्या पत्रात कागद भारतात वापरायचा आहे असं लिहा. अमेरिका आणि 2005 पासून भारत, दोघेही अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे भारतीय वकिलातीचा वेगळा शिक्का लागू नये. झेरॉक्स काढण्यासाठी त्या प्रतीचं स्टेपल कधीही उघडू नका. पानं सुटी झाली की प्रमाणपत्रावर शंका घेतली जाते.

भारतातल्या कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 14 प्रमाणे परदेशी निकालाची प्रमाणित प्रत दाखवली की तो सक्षम कोर्टाने दिला असं गृहीत धरतात, विरुद्ध पुरावा येईपर्यंत. विवाह अधिकारी तरीही अडून बसला, किंवा तुम्हाला आयुष्यभराची निश्चिंती हवी असेल, तर पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थितीच्या घोषणेसाठी अर्ज करा. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 7 मध्ये तशी तरतूद आहे. माझं मत विचाराल तर, मूल किंवा मालमत्ता यांचा प्रश्न पुढे येण्याची शक्यता असेल तर हा खर्च करावा. पहिलं लग्न कायद्याने उभं असल्याचं कुणी सिद्ध केलं, तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि द्विविवाहाचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो. फाइलमध्ये तुमच्या संमतीचा कागद सापडलाच नाही, तर मात्र ही घोषणा घेतल्याशिवाय लग्नाची तारीख ठरवू नका.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर नोटीस आत्ता देऊ नका. नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून 3 महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते. तिथलं कोर्ट, मग सॅक्रामेंटो, मग टपाल, यात किती आठवडे जातील ते तुमच्या हातात नाही. अपॉस्टिल लागलेली प्रत पुण्यात तुमच्या हाती पडली की त्यानंतर नोटीस द्या.