पाळलेलं कुत्रं चोरीला जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुमचं चार महिन्यांचं लॅब्रेडॉर आहे, बंगल्याचं कंपाउंड बुटकं आहे आणि कुणी उचलून नेईल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. ही धास्ती खोटी नाही. आमची बीगल भर दुपारी अंगणातून गेली होती. सिलिंडरवाला येऊन गेला, गेटची कडी नुसती टेकवलेली राहिली आणि दहा मिनिटांत अंगण रिकामं.

सहाव्या दिवशी ती सापडली, पाच किलोमीटरवर, एकाच्या दारात बांधलेली. तो म्हणाला, "मी विकत घेतलीय." आम्हाला पाहून ती रडली, लोळली. पण हवालदारांनी विचारलं, "तुमचीच कशावरून?" आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, बीगल कुणाकडेही शेपूट हलवत जाते. शेवटी पशुवैद्यांनी तिच्या मानेमागे स्कॅनर फिरवला, १५ आकडी नंबर आला आणि तोच नंबर आमच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत होता. त्यानंतर तो माणूस एक शब्द बोलला नाही.

म्हणून आधी मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, इंजेक्शनसारखी कातडीखाली जाते. तिच्यात जीपीएस नसतं, त्यामुळे कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही. कुणाचं आहे हे सांगते, तेही नंबर तुमच्या नावावर आणि चालू फोनवर नोंदवलेला असेल तरच. महापालिकेचा परवाना काढा (पुण्या-मुंबईत तो सक्तीचाच आहे). विकत घेतल्याची पावती जपा. पोटावरचा डाग, कानातली खूण यांचे जवळून फोटो काढून ठेवा. लॅब्रेडॉर सगळे सारखेच दिसतात.

गेटला आतून कुलूप हवंच. पिल्लाला अंगणात एकटं सोडू नका, दुकानाबाहेर खांबाला बांधून तर कधीच नाही. पट्ट्यावर फोन नंबर लिहा, नाव नको; नावानं हाक मारली की ते अनोळखी माणसामागेही जातं. फिरण्याची वेळ अधूनमधून बदला. घराचा पत्ता कळेल असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. पिल्लं काढायची नसतील तर योग्य वय झाल्यावर नसबंदी करा, कारण जातिवंत कुत्री पुष्कळदा पैदाशीसाठीच पळवतात. दिवाळीत जास्त जपा. फटाक्यांना घाबरून पळालेलं कुत्रं उचलणं सर्वांत सोपं असतं.

परक्याच्या हातचं खायचं नाही, हे आत्तापासून शिकवा. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागे यायला लावलं, तर ते मागे चालू लागताच चोरी पूर्ण होते, हे उदाहरण १८६०च्या दंडसंहितेत होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३मध्येही आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्यानं माल परत केला असेल, तर समाजसेवेवर सुटका होते. पावती जपा म्हटलं ते यासाठीही.

तरी गेलंच, तर त्याच दिवशी पोलिसात जा आणि "हरवलं" असं नाही, "चोरीला गेलं" असं लिहून द्या. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांकडे (शहरात उपायुक्तांकडे) लेखी पाठवता येते. मग आसपासच्या सगळ्या पशुवैद्यांना फोटो आणि चिपचा नंबर द्या. आमची बीगल त्या माणसानं कानाच्या दुखण्यासाठी अशाच एका दवाखान्यात नेली होती, तिथूनच आम्हाला फोन आला.