टॅप करायच्या कार्डाला पिन लागत नाही, मग ते सुरक्षित कसं? त्यात काय सुधारणा हव्यात?

तुम्ही विचारलंय की गर्दीत कुणी मशीन खिशाला लावून पैसे काढू शकतो का. हाच प्रश्न आमचे दाजी पाच वर्षं मला विचारतायत आणि उत्तर ऐकून न घेता कार्ड चांदीच्या कागदात गुंडाळतायत.

माझं बेळगावच्या खडेबाजारात साड्यांचं दुकान आहे, मशीन माझ्याच गल्ल्यावर असतं. दाजींसमोर एकदा रुपयाचं बिल टाकून त्यांचं पाकीट, फॉइल काढून, मशीनवर ठेवलं. आत दोन कार्डं होती. मशीन गोंधळलं, म्हणालं एकच कार्ड दाखवा. एक काढलं तेव्हा लागलं, तेही अगदी चिकटवल्यावर. चारेक सेंटिमीटरच्या पुढे हा खेळ चालत नाही. शिवाय मशीन घ्यायला दुकानाची सगळी कागदपत्रं द्यावी लागतात, पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. बसमधून मशीन घेऊन फिरणारा चोर म्हणजे आपलाच पत्ता ठेवून जाणारा चोर.

नक्कल करायची भीतीही तशी फोल. जुन्या काळ्या पट्टीवर माहिती कायम तीच असायची. चिप मात्र दर टॅपला नवा कोड तयार करते, कालचा कोड आज चालत नाही.

खरी गोम वेगळीच आहे, ती आमच्या घरी घडली. बायको माहेरी गडहिंग्लजला गेली होती. परत येताना संकेश्वरहून बस धरली. कर्नाटकात बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना आल्यापासून या साध्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. बेळगावला उतरली तर खांद्याला पर्सचा नुसता पट्टा. कार्ड, मोबाइल, आधार सगळं गेलेलं. रिक्षा करून दुकानात आली तोवर पावणेबारा झाले होते.

मी लगेच बँकेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा झाल्यावर बाईंनी विचारलं, नोंदवलेल्या नंबरवरून का बोलत नाही? म्हटलं, तोच चोरीला गेलाय. मग जन्मतारीख, आईचं नाव, शेवटचा व्यवहार. आणि शेवटी, ‘ओटीपी पाठवलाय, सांगा.’ कुठे पाठवलाय? चोराच्या हातातल्या मोबाइलवर! त्यात त्या बाई कन्नडमध्ये, बायकोला कन्नड येत नाही, मी दोघींच्या मध्ये. कार्ड बंद व्हायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. दिवस दुसरा शनिवार, शाखेलाही कुलूप.

तोवर तीन टॅप झाले होते. ४,८५०, ४,७०० आणि ३,९९०. सगळे पाच हजारांच्या आतले. बिनपिनची मर्यादा आधी २,००० होती, जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली, हे चोराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याला एकानेही काही विचारलं नाही. मालकिणीला मात्र आईच्या नावापासून सगळं विचारलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कार्ड खरं आहे हे मशीनला पक्कं कळतं, ते कुणाच्या हातात आहे हे कळत नाही. मोबाइलने टॅप करताना बोट किंवा चेहरा लागतो, म्हणून ते बरं. बोटाचा ठसा घेणारी कार्डंही निघाली आहेत. युरोपात ठरावीक टॅपनंतर किंवा एकूण रक्कम भरली की पिन मागतात. आपल्याकडेही लागोपाठच्या दुसऱ्या टॅपला पिन मागायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक दहा सेकंद थांबेल. मी दुकानदार असून सांगतोय.

सोमवारी शाखेत साहेब म्हणाले, ‘तुमचाच निष्काळजीपणा.’ मी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, आणि कळवल्यानंतरचं नुकसानही बँकेचं. माझ्या फोनची वेळ त्यांच्याच नोंदीत होती, तिसरा टॅप त्यानंतरचा. ३,९९० मिळाले. बाकीच्या ९,५५० साठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकलीय.

दाजींना कळलं तेव्हा पहिलं वाक्य, ‘कवापासून सांगूलालो तुला, फॉइल गुंडाळ म्हणून!’ अहो दाजी, अख्खी पर्स गेली, फॉइलसकट गेली असती.

आता तुम्ही काय करायचं ते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅप बंद करता येतो, मर्यादाही कमी करता येते. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर तो बंदच असायला हवा, आपण कधीतरी चालू करतो आणि विसरतो. बँकेचा नंबर घरातल्या दुसऱ्या मोबाइलमध्ये ठेवा. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइनचा १९३० नंबर आहेच.

एक मान्य करायला हवं. टॅपमधून कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते, मागचे तीन आकडे नाही. काही परदेशी साइट ओटीपी मागत नाहीत, म्हणून परदेशी व्यवहार बंद ठेवा. आणि फॉइलने लहरी अडतात, तेवढं दाजींचं बरोबर.

गेल्या महिन्यात दाजींच्याच मोबाइलवर त्यांचा टॅप बंद करून दिला. फॉइल अजून काढलेली नाही.