मुलांच्या हार्मोनचा डॉक्टर व्हायचंय, पण रुग्ण येतील का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला टाइप १ डायबेटिस निघाला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, ‘मी लहान मुलांची डायबेटिसची डॉक्टर होणार.’ तिचे बाबा म्हणतात, डायबेटिसच करायचा तर मोठ्यांचा कर, मुलांचे रुग्ण असे असतात कितीसे? शिवाय एवढी वर्षं शिकायचं आणि ऑपरेशन नाही की प्रोसिजर नाही, मग कमाई कसली? तिला आत्ताच समजावावं का? – एक आई

ताई, नमस्कार.

समजावण्याची घाई करू नका. तिच्या बाबांचे दोन्ही प्रश्न मात्र रास्त आहेत. मुलगी चिडते म्हणून ते बाजूला सारू नका.

आधी रुग्णांचं बघू. तुमच्या घरात डायबेटिस आला म्हणून तुम्हाला ही शाखा डायबेटिसची वाटते. प्रत्यक्षात पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्टच्या, म्हणजे मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरच्या ओपीडीत डायबेटिस हा कामाचा एक भाग असतो. बाकी रांगेत कोण असतं? वर्गात सगळ्यांत बुटका राहिलेला मुलगा. सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेली मुलगी (आठच्या आत ही चिन्हं दिसली तर तपासावं लागतं, मुलग्यांत नऊच्या आत). चौदा-पंधरा वर्षांचा झाला तरी वयात येण्याची खूण नाही असा मुलगा. टर्नर सिंड्रोमची, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसलेली किंवा अपुरं असलेली मुलगी. कॅल्शियम आणि हाडांच्या तक्रारी. वजन वाढून ऐन किशोरवयात टाइप २ डायबेटिसपर्यंत पोचलेली मुलं, आणि ही मुलं आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतात.

शिवाय थायरॉइड. जन्मतःच थायरॉइड काम करत नसेल तर बाळ वरवर अगदी ठणठणीत दिसतं, पण उपचाराला उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान भरून येत नाही. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी करण्याची पद्धत १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमधून पुढे आली. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली की बहुतेक मुलं चारचौघांसारखी शिकतात, वाढतात. डॉक्टरकीत एवढ्या साध्या औषधाने एवढा मोठा फरक पडण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

‘मोठ्यांचाच कर’ या सल्ल्याबद्दल. मोठ्यांमध्ये बहुतांश डायबेटिस टाइप २ असतो, तिथे गोळ्या, वजन, रक्तदाब, किडनी असं गणित चालतं. मुलांच्या टाइप १ मध्ये पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं, आणि ते घेणारं शरीर रोज बदलत असतं. वजन वाढतं, खेळ वाढतो, वयात येताना हार्मोन इन्सुलिनला विरोध करतात आणि कालचा डोस आज पुरत नाही. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडून रक्तात आम्ल साठतं तेव्हा, मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून सलाइन चालू असताना बारीक लक्ष ठेवावं लागतं. टोरोंटोमध्ये १९२२च्या जानेवारीत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं तेही चौदा वर्षांच्या मुलालाच, लिओनार्ड थॉम्पसनला. पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दिलेल्या डोसने मुलगा सावरला.

एक उदाहरण मुलीला जरूर सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटिस झाला तर तो सहसा टाइप १ नसतो, एखाद्या जनुकातला दोष असतो. २००४ मध्ये असा एक जनुक सापडला, केसीएनजे११. त्यात दोष असलेल्या बऱ्याच मुलांचं इन्सुलिन पुढे बंद करता आलं. त्यांना सल्फोनिलयुरिया पुरलं, म्हणजे मोठ्यांच्या डायबेटिसमधल्या जुन्यापान्या गोळ्या. जो डॉक्टर ‘हा कितव्या महिन्यात सुरू झाला?’ एवढं विचारतो, तो एखाद्या मुलाची आयुष्यभराची इंजेक्शनं वाचवू शकतो. हे ऐकून ती खुर्चीत पुढे सरकली तर मला उत्तर मिळालं.

आता कमाई. इथे बाबांचं बरंचसं बरोबर आहे. या शाखेचं काम बोलण्याचं, मोजण्याचं आणि विचार करण्याचं आहे, आणि वैद्यकीय जगात पैसा प्रोसिजरला जास्त मिळतो. अमेरिकेत या विषयाच्या फेलोशिपच्या, म्हणजे बालरोगतज्ज्ञ झाल्यावरच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा गेली काही वर्षं पूर्ण भरत नाहीत. जादा तीन वर्षं शिकून साध्या बालरोगतज्ज्ञाच्या आसपास, कधी त्याहून कमी मिळकत, हे तिथलं एक उघड कारण. पण याचीच दुसरी बाजू अशी की शिकलेल्या माणसाला काम कमी पडत नाही. इतर बालरोगतज्ज्ञच रुग्ण पाठवतात. हातात कौशल्य असलेला माणूस उपाशी राहत नाही, पण कार्डिओलॉजिस्ट मित्राच्या गाडीकडे बघून पोटात कालवणार असेल तर मात्र इथे येऊ नये.

शिक्षणाचा रस्ता लांब आहे. भारतात इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षांचं एमडी पीडियाट्रिक्स, मग तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची सुपरस्पेशालिटीची पदवी. अमेरिकेत मेडिकल स्कूलनंतर तीन वर्षं बालरोग रेसिडेन्सी आणि तीन वर्षं फेलोशिप. देशोदेशी नावं बदलतात, क्रम तोच. भारतात डीएम पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजी मोजक्या संस्थांत आहे, पण डीएम एंडोक्रायनोलॉजीला मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स दोन्हीकडचे एमडी चालतात. म्हणजे घरात आज ज्यावरून वाजतंय, तो मोठ्यांचा की मुलांचा हा निर्णय एमबीबीएसनंतर घ्यायचा आहे. सहा-सात वर्षांनंतरच्या भांडणाचा हप्ता आत्तापासून कशाला भरता? आज ठरवायचंय ते इतकंच, की डॉक्टर व्हायचं का.

आणि पिंड जुळतो का. या शाखेतलं सगळ्यांत महत्त्वाचं यंत्र म्हणजे भिंतीवरचं उंची मोजायचं साधन. बूट काढा, केस सोडा, टाचा टेकवा, नजर समोर, मिलिमीटरपर्यंत नोंद, आणि पुन्हा एकदा मोजा. कारण सहा महिन्यांनी हेच मोजून वाढीचा वेग काढायचा असतो, आणि एका सेंटिमीटरच्या चुकीने निरोगी मूल आजारी ठरतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. मुलगा वयात आला का हे अंडकोषांच्या आकारावरून ठरवायला झुरिकच्या आन्द्रेया प्राडर यांनी चढत्या आकाराच्या मण्यांची एक माळ केली, ती आजही वापरात आहे. औषध सुरू केल्यावर फळ दिसायला महिने जातात. ज्याला संध्याकाळपर्यंत निकाल हवा असतो, तो माणूस इथे कंटाळतो.

मोजमापापेक्षा अवघड काम वेगळंच आहे. तेरा वर्षांची मुलगी समोर बसलेली, शुगर सतत वर, आई सांगतेय की डोस एकही चुकत नाही. डॉक्टर आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो. मग कळतं, मैत्रिणींसमोर टोचून घ्यायची लाज वाटते म्हणून दुपारचं इंजेक्शन महिनाभर घेतलेलंच नाही. अशा वेळी न रागावता, आईकडे चुगली न करता मार्ग काढायचा असतो. हे कुठल्या प्रवेशपरीक्षेत विचारत नाहीत.

आता थोडं नाजूक. भावाच्या आजारातून आलेली इच्छा खोटी नसते, पण तिला वैद्यक आवडतं की भाऊ बरा व्हावा असं वाटतं, हे निरखा. शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख बघून ‘पहाटे काही न खाता शुगर का चढली?’ असं ती विचारते, की त्याच्या ताटातली कर्बोदकं मोजण्यात रमते, की तो रडला की त्याला तिच्याशिवाय कुणी लागत नाही? पहिल्या प्रकारची जिज्ञासा डॉक्टरची. दुसऱ्या प्रकारची मुलगी आहारतज्ज्ञ होऊ शकते, तिसऱ्या प्रकारची डायबेटिस एज्युकेटर (रुग्णाला आजार सांभाळायला शिकवणारी) किंवा मानसशास्त्रज्ञ. चांगल्या बालमधुमेह केंद्रात ही सगळी माणसं लागतात, आणि यांतले काही रस्ते पुष्कळ लवकर पोचवतात. तिला पंप आणि सेन्सरचंच वेड असेल तर अभियांत्रिकीचाही विचार करा. इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारे पंप आज वापरात आहेत आणि तिथे करण्यासारखं अजून खूप आहे.

(एक न विचारलेलं सांगतो. ती पुढे डॉक्टर होणार म्हणून आत्तापासून भावाच्या रात्रीच्या शुगरचा पहारा तिच्यावर सोपवू नका. तो तुमचा दोघांचा आहे. तिला बारावी करू द्या.)

भावाच्या पुढच्या तपासणीला तिला बरोबर न्या. त्याची हरकत नसेल तर आधीच्या दोन आठवड्यांच्या शुगरचा तक्ता तिला स्वतः काढू द्या, आणि डॉक्टरांकडे तिच्यासाठी दहा मिनिटं मागून घ्या. बाबांनाही न्या. ‘तुम्हाला आवडतं का?’ हा प्रश्न नको, त्याला सगळे हो म्हणतात. तिने विचारावं, आठवड्यातला कोणता दिवस नकोसा होतो? रात्री फोन किती येतात? (अ‍ॅड्रिनल, म्हणजे किडनीवरच्या ग्रंथी, पुरेसं हार्मोन बनवत नसतील अशा मुलाला साधा ताप आला तरी त्या हार्मोनच्या जागी दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो, त्यामुळे फोन येतातच.) मोठे झालेले रुग्ण मोठ्यांच्या डॉक्टरकडे कधी आणि कसे सोपवता? आणि बाबांचा प्रश्न बाबांनी स्वतःच विचारावा.